केझायानं गाडी आडवी घातली

"थांबव गाडी, ताई! थांबव!"

ओरिन धावत आला. टोपलीतल्या गव्याच्या सुक्या शेणी वाटेत सांडल्या. त्या माळावर चुलीला दुसरं जळण नाही, तरी पोरगं मागं वळून बघेना!

"पुढं तळं आहे. पाणी नितळ, पण काठावर हे बघ!" त्यानं मूठ उघडली. पांढरी भुकटी.

मागच्या गाडीतली लव्हायना त्याच्या पाठोपाठ पोचली. "आणि काठावर तीन बैल मरून पडलेत!"

ओरिनची ताई, केझाया, तेरा वर्षांची. बाबा तापानं गाडीत पडलेले, आई त्यांच्या उशाशी. म्हणून आठवडाभर बैल तीच हाकत होती. बैल चारच. ते मेले तर पश्चिमेला ओरेगॉनात नवं घर राहिलं बाजूला, इथंच माळावर बसायचं!

तेवढ्यात बैलांना पाण्याचा वास लागला. दोन दिवसांचे तहानलेले, माना ताणून निघाले! केझायानं सगळा जीव लावून पुढची जोडी वळवली. गाडी रस्त्यात आडवी!

मागच्या बावीस गाड्या कचाकच थांबल्या. तांड्याचा कप्तान स्ट्रॉदर घोडा उडवत आला.

"काय तमाशा हा? हाक पुढं!"

"नाही हाकणार! पाणी विषारी आहे."

"मला शिकवतेस? आरशासारखं पाणी आहे! बाजूला हो, बाकीच्यांना जाऊ दे."

"कसे जातील? आज सगळ्यांत पुढं राहायची पाळी आमची. पुढच्या गाडीला दिवसभर कुणी ओलांडायचं नाही. कायदा तुमचाच!"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. कप्तानाच्या मिशा थरथरल्या.

"लव्हायना, व्हिनेगर आण!"

केझायानं भुकटी मगात टाकली, वर व्हिनेगर ओतलं. फस्स! फेस उतू जाऊन हातावरनं ओघळला.

"आई पावात घालते तो सोडाच हा! चिमूटभर ठीक. बैल बादल्या बादल्या प्यायला तर? आधी तुम्ही प्या ते पाणी मगभर, कप्तानकाका!"

कप्तान तळ्यावर गेला. मेलेले बैल पाहिले. बोट बुडवून चाखलं आणि थू थू करत परतला.

"वळवा गाड्या! नदीकडं!"

बैल वळेनात. मग पोरांनी व्हिनेगरात भिजवलेली फडकी त्यांच्या नाकावर धरली. पाण्याचा वास गेला, बैल मुकाट चालले!

ऊन उतरता उतरता नदी आली. चारही बैल गुडघाभर पाण्यात उभे राहून प्यायले.

"शाब्बास, पोरी," कप्तान म्हणाला. "बैल वाचवलेस सगळ्यांचे. पण पुढल्या वेळी जरा हळू ओरड."

"पहिल्या हाकेला ऐका," केझाया म्हणाली, "मग हळू बोलेन!"