तीनशे सात, सहाशे तेरा, नऊशे एकोणीस

बारशाला दोन पाळणे होते, आणि त्यांच्या मध्ये टीपॉयवर अंकपरीक्षक. नावं नंतर. हल्ली आत्या बाळाच्या कानात कुर्र करायची ती यंत्राचा निकाल लागल्यावरच.

प्रत्येक बाळाला जन्माच्या क्रमाने नऊ आकडी क्रमांक मिळे. तो मूळ संख्या निघाला, म्हणजे एक आणि स्वतः सोडून कशानेच त्याला भाग जात नसला, तर बाळ बुद्धिमान, असं कुठल्याशा समितीने ठरवलं होतं. अशा मुलांना वेगळी शाळा. शिकल्यासवरल्या लोकांनीही हे मुकाट्याने मानलं. डॉक्टर तर प्रसूतीची मिनिटं मागेपुढे करू लागले.

जुळ्यांतली मुलगी आधीची: १७,२९,४७,५२९. मुलगा लगेच पुढचा. त्याच्या क्रमांकाच्या शेवटी शून्य, तरीही समितीच्या अधिकाऱ्याने तो यंत्रात घातलाच. नियम.

"विभाज्य," अधिकारी गंभीरपणे म्हणाला. मग मुलीचा घातला. "मूळ."

"दादावर गेली," सुलभाआत्या भावाच्या कौतुकाने म्हणाली.

"दादाचा क्रमांक सम आहे," सुलभाचे काका भालचंद्र पुटपुटले.

ते गणिताचे निवृत्त शिक्षक. निमंत्रणपत्रिकेवर दोन्ही क्रमांक छापले होते. काकांनी पत्रिकेच्याच पाठीवर दोन दुपारी पेन्सिलीने भागाकार केले होते. मुलीच्या क्रमांकाला बासष्ट मूळ संख्यांनी भाग गेला नाही; त्रेसष्टावीने गेला. खरं तर असा भागाकार साध्या फोननेही क्षणात केला असता. पण यंत्रात जुनी झटपट कसोटी होती: दोनाचा एक प्रचंड घात घ्यायचा, त्याला क्रमांकाने भागायचं, बाकी एक उरली की मूळ. काही विभाज्य संख्याही या कसोटीला बेमालूम उतरतात, हे गणितात फार पूर्वीपासून माहीत होतं. समितीत ते कुणी वाचलं नसावं.

काकांनी जुळ्यांच्या आईला, केतकीला, बाजूला घेऊन पत्रिका दाखवली. "तीनशे सात गुणिले सहाशे तेरा गुणिले नऊशे एकोणीस. दोघंही सारखीच आहेत, बाळ. आता वेगळी करता येणार नाहीत."

तिने आकडे नीट पाहिले. "हे सांगितलं तर त्याला ती शाळा मिळेल?"

"नाही. हिची जाईल."

"मग कशाला सांगता, काका?"

चाळीस वर्षं मुलांना उत्तरं देणाऱ्या काकांनी पत्रिका घडी घालून खिशात टाकली. समितीची, यंत्राची, नात्यागोत्याची मनात केलेली सगळी टिंगल त्यांना एकाएकी पोरकट वाटली.

"कुणाची हरकत?" अधिकाऱ्याने शिक्का उचलत रीतसर विचारलं.

सगळे हसले. केतकी काकांकडे बघत होती.

"नाही," काका म्हणाले.

शिक्का उमटला. आत्या मुलीच्या पाळण्यापाशी वाकली. मुलाच्या पाळण्यापाशी कुणीच नव्हतं. काका तिथे जाऊन उभे राहिले. पत्रिका खिशात होती. ही दोघं मोठी होतील तेव्हा ती द्यायची कुणाच्या हातात, ह्याच्या की तिच्या?