निम्मं माझ्याकडं दे

भीती घालायला सांगत नाही, जसं घडलं तसं सांगते. दोन हजार सातचा पौष. मी डॉक्टर वर्षाराणी. अंबाजोगाईत बसून दर बुधवारी दुपारी, आरोग्य केंद्रांना नव्यानं मिळालेल्या मशीनवर, खेड्यांतल्या नर्सबायांची व्हिडिओ मीटिंग घ्यायची. होस्ट मीच. कुणाचा आवाज उघडायचा, कुणाचा बंद करायचा, सगळं माझ्याच हातात.

त्या दुपारी वीज गेली होती. खिडक्या लावलेल्या अंधाऱ्या खोलीत जनरेटरच्या डिझेलचा वास साचला होता. स्क्रीनवरचे चौकोन उजळले, तशा पाली केंद्राच्या नर्स केशरबाई ओरडल्या,

"मॅडम, गंगासागर आत्ताच बाळंत झाली. रगत थांबंना! लई चाललंय!"

सगळ्या केंद्रांवरून एकदम कालवा उठला. मी सांगितलेलं केशरबाईंना ऐकू जाईना. बीडहून गाडी मागवायची तर फोन व्हरांड्याच्या टोकाला. उठावं, तर इथं कोण बघणार?

तेवढ्यात कोपऱ्यातला एक काळा चौकोन बोलला. खाली केंद्राचं नाव, लिंबागणेश. म्हाताऱ्या बाईचा दबका आवाज...

"एकटीनं किती वढशील गं... निम्मं माझ्याकडं दे."

मी विचारच केला नाही. होस्टचे अधिकार त्या चौकोनाला दिले आणि फोनकडं पळाले.

परतले तर खोली चिडीचूप. बाकी सगळ्यांचे आवाज बंद, फक्त पालीचा उघडा. तो आवाज संथपणे सांगत होता, "पोट दाबून चोळ, केशर... थांबू नको... हां. आता लेकराला छातीशी लाव."

केशरबाईंचे हात त्या तालावर चालले होते. हा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, पण शब्द न् शब्द बरोबर होता. मग इंजेक्शनचं मी सांगितलं, चोळण्याचं ती सांगत राहिली. पालीच्या दारात गाडीचा भोंगा वाजला तोवर रक्त आटोक्यात आलं होतं. गंगासागर वाचली. तिची लेकही.

आभार मानायला मी लिंबागणेशला फोन लावला. तिथले शिपाई राजेश्वर गोंधळले. "आमचं मशीन अजून खोक्यातच हाय, मॅडम. वायरबी वढली न्हाई."

महिन्यानं तिथं मशीन बसलं, ईश्वरी नावाची तरुण नर्स रुजू झाली. तेव्हापासून होस्टचं काम आम्ही वाटून घेतो. एका बुधवारी केशरबाई, एका बुधवारी ईश्वरी. ज्या बायका कधी तोंड उघडत नसत, त्या आता मीटिंग चालवतात. मलाही श्वास घ्यायला फुरसत मिळते.

फक्त शेवटी, सगळ्या निरोप घेतात तेव्हा लिंबागणेशहून दोन आवाज येतात. आधी ईश्वरीचा. मग तिच्या मागून, दबका... "येते गं."

परवा न राहवून विचारलंच, "ईश्वरी, तुझ्याजवळ कोण बसलेलं असतं?"

तिनं मागं वळून पाहिलं.

"कुनीच न्हाई, मॅडम. कावून?"