गुलाबी रेघ

"ब्रेकच्या नळीचा नट पोरांनी आवळला होता ना? मग ढिलाच राहणार," मेकॅनिक हात पुसत म्हणाला. मामाने लगेच मान डोलावली आणि ठिणगीच्या डोक्यात तिडीक गेली.

अख्खी सुट्टी तिने, तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे गोगलगाईने, आणि मामेभाऊ पोपटाने त्या जीपखाली घालवली होती. आजोबांची ही जीप बारा वर्षं शेडमध्ये गंजत होती. पोरांनी गंज खरवडला, बोल्ट रॉकेलमध्ये धुतले, सीटची खोळ शिवली. मेकॅनिकने इंजिन जागं केलं. मामाने हौसेने जाडजूड, रुंद टायर चढवले. आठवडाभर जीप अंगणातच पुढे-मागे झाली. आज मामाने ती पहिल्यांदा बाहेर काढली, तर फाटकापाशी वळताना ब्रेकचं पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. जीप थेट खांबावर आदळली.

कुणाला लागलं नाही. पण मामा आधी घाबरला, मग चिडला, आणि तो सगळा राग पोरांवर निघाला. जीपला पुन्हा हात लावायचा नाही, असं त्याने बजावलं. भंगारवाल्यालाही चार वाजता बोलावून टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

तो नट ठिणगीनेच आवळला होता. तिचा एक नियम होता. नट पक्का बसला की नट आणि शेजारचा पत्रा यांवरून आईच्या नेलपॉलिशने एक सरळ रेघ ओढायची आणि वहीत सही करायची. नट केसभर जरी फिरला, तरी रेघ तुटते. मामा या रेघांना 'जीपचा नट्टापट्टा' म्हणून खो खो हसला होता.

मोठी माणसं जेवायला बसली तशी पोरं अंगणात सटकली. पोपटाला दारावर उभं केलं, कारण बडबडून वेळ काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. चाकांखाली विटा अडकवून ठिणगी पुढच्या चाकामागे टॉर्च घेऊन आडवी झाली.

गुलाबी रेघ जशीच्या तशी होती.

"गोगल, पेडल दाब."

नट कोरडाच राहिला. ब्रेकचं तेल ठिबकलं ते वीतभर खालून, रबरी नळीच्या मधोमध. तिथे रबर एका बाजूने घासून पार कागदासारखं झालं होतं.

"आता चाक फाटकाकडे वळव."

गोगलगाईने सगळा जोर लावला. रुंद टायर आत सरकला आणि नेमका त्याच जागी नळीला जाऊन टेकला. ठिणगीचे कान तापले. टायर बसवले त्याच दिवशी तिने मामाला सांगितलं होतं, आत काहीतरी घासतंय. मोठ्यांना शिकवू नकोस, असं उत्तर मिळालं होतं!

चार वाजता भंगारवाल्याचा टेम्पो आला. ठिणगी जीपपुढे हात पसरून उभी राहिली.

"बाजूला हो," मामा ओरडला.

"नाही होणार. सकाळपासून तुम्ही दोघं आम्हाला बोलताय, पण खाली वाकून कुणी बघितलं? आधी वाक, मामा. मग खुशाल विक."

मामा धुमसतच चाकाशी आडवा झाला. ठिणगीने टॉर्च दिला आणि स्टिअरिंग वळवलं. मामाने घासलेल्या नळीवरून बोट फिरवलं. मग मेकॅनिक वाकला. उठला तेव्हा त्याची मान खाली होती.

"न बघताच बोललो मी. चुकलं," तो म्हणाला. "तीस वर्षं नट आवळतोय, पण असा पुरावा ठेवायचं मला कधी सुचलं नाही. पोरी, तुझं काम माझ्याहून चोख आहे."

मामाने तर चक्क माफी मागितली. तरी ठिणगीचा राग काही उतरेना. तिने त्याच्या हातात पाना ठेवला आणि टायर तूच काढायचे, असं सुनावलं. भंगारवाला हसत हसत वाकडा बंपर तेवढा घेऊन गेला.

ऊन उतरेपर्यंत जुने टायर चढले, नवी नळी बसली. मामाने शेवटचा नट आवळला आणि हळूच विचारलं, "रेघ ओढतेस?"

ठिणगीने बाटली त्याच्यापुढे धरली. "तूच ओढ. वहीत सहीपण तूच करायची."

मामाने ब्रश टेकवला. रेघ जरा वाकडीच आली. ठिणगीने टॉर्च मारून ती नीट निरखली, वहीतली सही वाचली आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिला हसू फुटलं.