थोरलीचं गणित

जेवणाच्या टेबलावर दोन प्रगतिपुस्तकं शेजारी शेजारी पडली होती, आणि ती उघडायला कोणाचाच हात पुढे होत नव्हता.

शेवटी बाबांनीच खुर्ची पुढे ओढली. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. "दिवसभर लोकांचे नंबर बघतो, आता घरातले बघू," असं म्हणून ते स्वतःच हसले आणि हाताला लागलं ते पुस्तक त्यांनी उघडलं. ते थोरलीचं होतं. सहामाही परीक्षेत वर्गात पहिली.

लगेच त्यांनी दुसरं पुस्तक उघडलं. धाकटी चौथी.

लहानपणापासून कायम पहिलीच येत आलेली धाकटी ताट पुढे सरकवून उठली, आत गेली, आणि दार लागल्याचा आवाज आला. आईची नजर त्या बंद दाराकडे गेली ती तिथेच खिळून राहिली. बाबा एकदा दाराकडे पाहत होते, एकदा थोरलीकडे... शाबासकी त्यांच्या ओठांपर्यंत आली होती, पण आतून हुंदका ऐकू आला आणि त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. थोरलीनं चौघांची ताटं गोळा केली, टेबल पुसलं, आणि नळाखाली भांडी धरून ती उभी राहिली. आपण पहिल्या आलो आहोत हे तिला त्या वाहत्या पाण्याच्या आवाजात स्वतःलाच सांगावं लागलं.

दोघी बहिणींत वर्षाचं अंतर, आणि तरी दोघी एकाच वर्गात होत्या, त्याला कारण होतं. थोरली नववीत गेली त्याच वर्षी आईच्या मणक्याचं दुखणं विकोपाला गेलं. शस्त्रक्रिया झाली, आणि पुढे कितीतरी महिने आईला कुशीवर वळायलासुद्धा दुसऱ्याचा हात लागे. दुकान बंद ठेवलं तर घर चालणार कसं? धाकटी तर सगळ्यांच्या लेखी अजून लहानच. तेव्हा कोणी न सांगता, कोणी न विचारता थोरलीनं दप्तर कपाटावर टाकलं. स्वयंपाक, धुणं, आईची औषधं, आईची अंघोळ... वर्ष कसं सरलं तिचं तिलाच कळलं नाही. येणारा जाणारा म्हणे, "पोर किती समजूतदार आहे." आईचे डोळे भरून येत. थोरलीलाही तेव्हा त्या शब्दाचं सुख वाटे. तो शब्द अंगावर दागिन्यासारखा घातला जातो आणि हळूहळू त्याचं वजन वाढत जातं, हे तिला पुढे कळायचं होतं.

पण त्या वर्षानं तिला एक गोष्ट दिलीही होती. दुपारी आई झोपली की ती उशाशी बसून जुन्या पुस्तकातली गणितं सोडवी. बाहेर सगळं विस्कटलेलं असताना कागदावर एक गोष्ट तरी पायरीपायरीनं उतरत नेमकी सुटते, याचा तिला अपार आनंद होई. पुन्हा शाळेत गेली तेव्हा गणिताच्या बाईंनी तिला लगेच हेरलं. दहावीला गणिताची एक विशेष तुकडी असे, वार्षिक परीक्षेत गणितात उत्तम गुण असतील त्यांनाच तिथे प्रवेश. "तू तिथे असायला हवीस," बाई एकदाच म्हणाल्या. घरी थोरलीनं हे कोणालाच सांगितलं नाही. सांगायला घरात तशी रिकामी जागाच मिळाली नाही.

कारण सहामाहीनंतर घराचं सगळं लक्ष धाकटीकडे होतं. ती हट्टी होती, बोलघेवडी होती, पण मनानं हळवी होती. वर्गातल्या मुली चिडवत, "काय गं, बहीण आली आणि तुझं आसन हललं?" ती घरी येऊन कोणाशी बोलत नसे. चाचणीच्या दिवशी सकाळी तिला उलट्या होत. जेवण तर जवळपास सुटलंच होतं. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत बसे आणि थोरली दारात उभी राहून पाहत असे. आपण काय गुन्हा केला हे तिला कळत नव्हतं, पण आपणच गुन्हेगार आहोत असं मात्र वाटत होतं.

वार्षिक परीक्षा तोंडावर आली. एका संध्याकाळी थोरली भाजी चिरत होती. आई कमरेचा पट्टा सावरत स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"आज पुन्हा काही खाल्लं नाही तिनं," आई म्हणाली.

"मी देते तिला दूध."

"दुधानं काय होणार..." आई थांबली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तिला खालचा नंबर सोसत नाही गं. तू सगळं सोसतेस. तुझं काही अडत नाही."

थोरलीची सुरी थांबली. "म्हणजे मी काय करू, आई?"

"मी कुठं काय कर म्हणतेय? मी आपली सांगते. तू समजूतदार आहेस."

आई निघून गेली. थोरलीनं उरलेली भाजी चिरायला घेतली. आईनं काहीच मागितलं नव्हतं, आणि तरीही सगळं मागितलं होतं.

तिच्या मनात त्या दिवशी संतापाची एक ठिणगी उडाली, नाही असं नाही. पण गणिताच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी धाकटी वही घेऊन आपणहून तिच्याकडे आली. डोळे सुजलेले, ओठ कोरडे.

"ताई, हे वर्तुळाचं प्रकरण माझ्या डोक्यात शिरतच नाही."

"बस इथं. डोक्यात नाही शिरत तर हातात शिरव. काढ आकृती."

दोघी गच्चीवर उजेड होता तोवर बसल्या. थोरलीनं तिला एकेक पायरी समजावली. वर्तुळ, जीवा, स्पर्शिका... आणि एका अवघड गणिताचं उत्तर आपलं आपल्याला आल्यावर धाकटी किती दिवसांनी खुदकन हसली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "तुला माझा राग नाही येत?"

"तुझा? तुझा राग करायला वेळ कुठं आहे मला?" थोरली म्हणाली आणि तिनं बहिणीचे विस्कटलेले केस मागे सारले. त्या कृश चेहऱ्याकडे पाहताना तिचं काळीज असं काही विरघळलं, की त्याच क्षणी मनातल्या मनात तिचं ठरून गेलं.

दुसऱ्या दिवशी पेपर हातात पडला. शेवटचा विभाग सगळ्यात अवघड समजला जाणारा, आणि त्यातली गणितं काल गच्चीवर केली त्याच जातीची होती. थोरलीला ती वाचतानाच सुटलेली दिसत होती. तिनं त्याआधीचं सगळं लिहिलं. मग पेनचं टोपण लावलं, हात मांडीवर ठेवले आणि ती खिडकीबाहेर पाहत बसली. पुढच्या बाकावर धाकटीची मान उत्तरपत्रिकेवर वाकली होती, पेन भराभरा चाललं होतं. ते पाहून थोरलीला समाधान वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्या समाधानाच्या तळाशी इतकं गार, इतकं रिकामं काही होतं, की घंटा होईपर्यंत तिनं नजर पुन्हा पेपराकडे वळवली नाही.

निकालाच्या दिवशी पुन्हा तेच टेबल, तीच दोन पुस्तकं. धाकटी पहिली. थोरली काही नंबर खाली, आणि गणितात तर विशेष तुकडीची रेषा थोडक्यात हुकलेली.

"काय झालं गं गणितात?" बाबांनी विचारलं.

"वेळ पुरला नाही."

आईच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू उमटता उमटता अर्धवटच राहिलं. धाकटी मात्र हसली नाही. तिनं दोन्ही पुस्तकं आपल्याकडे ओढली आणि ती गणिताच्या रकान्याकडे टक लावून पाहू लागली.

"शेवटचा विभाग सोडलास?"

"सांगितलं ना, वेळ नाही पुरला."

"खोटं. ती गणितं मला आदल्या दिवशी तूच शिकवलीस. मला आली आणि तुला नाही आली?" तिचा आवाज कापत होता. "तू मागं बसली होतीस. पेपर संपायच्या कितीतरी आधी तुझ्या पेनचा आवाज थांबला होता. मला वाटलं तुझं सगळं लिहून झालं... ताई, तू मला भीक घातलीस."

"तसं नाही गं..."

"मग कसं? आता मुली म्हणतील ही पहिली आली. आणि मला माहीत असेल की मला पहिली येऊ दिलं. याच्यापेक्षा मी शेवटून पहिली आले असते तरी चाललं असतं."

 इतके दिवस आवरून धरलेलं सगळं थोरलीच्या डोळ्यांतून वाहू लागलं. तिला असं रडताना त्या घरात कोणी पाहिलंच नव्हतं. आईच्या आजारपणातही नाही. बाबा गोंधळून उठले, पुन्हा बसले.

"तिला काही बोलू नकोस," आई म्हणाली. तिनं टेबलाची कड घट्ट धरली होती. "मीच सांगितलं तिला. उघड नाही सांगितलं... पण सांगितलं मीच."

धाकटी आईकडे वळली. "तू मला इतकी दुबळी समजतेस?"

 आई थोरलीकडे पाहत होती, जणू कित्येक दिवसांनी पाहत होती. "मी अंथरुणाला खिळले तेव्हा हिनं माझ्यासाठी सगळं सोडलं," ती हळूहळू म्हणाली. "मी उठून चालायला लागले, आणि तरी हिच्याकडून घेतच राहिले. देणाऱ्याचं कधी संपत असेल, असं मनातच आलं नाही माझ्या."

"माझ्याही नाही," बाबा म्हणाले. "सहामाहीला पहिली आलीस तेव्हा साधी पाठ थोपटली नाही मी तुझी."

रडत रडतच थोरलीनं त्या विशेष तुकडीचं सांगितलं. ते ऐकल्यावर आईनं गणिताच्या बाई शाळेत कधी भेटतात ते विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आई शाळेत गेली. दुखण्यापासून ती जिन्याच्या वाटेला जात नसे. शाळेचे जिने ती कठड्याला धरून, मधे मधे थांबून चढली. थोरलीनं हात पुढे केला तर म्हणाली, "नको. आज माझी मी येते."

गणिताच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा कठोर होता. "गुण बदलता येणार नाहीत. लिहिलेलं मी तपासते, न लिहिलेलं कसं तपासणार?" त्या म्हणाल्या. "ज्यांचं थोडक्यात हुकतं त्यांच्यासाठी सुट्टी संपताना एक निवड परीक्षा असते. तिला बसता येईल. पण ते मला तुमच्या तोंडून ऐकायचं नाही." त्या थोरलीकडे वळल्या. "तुला हवंय का हे?"

थोरली गोंधळली. काय करशील, किती करशील, हे तिला आजवर सगळ्यांनी विचारलं होतं. काय हवं, हे कोणी विचारलं नव्हतं. तिनं सवयीनं आईकडे पाहिलं. आईनं मान दुसरीकडे वळवली आणि ती खिडकीतून मैदान पाहू लागली.

"हवंय," थोरली पुटपुटली.

"ऐकू आलं नाही मला."

"हवंय, बाई. मला ती तुकडी हवी आहे."

ती सुट्टी त्या घरात निराळीच गेली. स्वयंपाकघराचा ताबा धाकटीनं घेतला आणि घरच्यांनी करपलेला भात, मिठाचा विसर पडलेली भाजी मुकाट्यानं खाल्ली. "हे खाऊन माणूस गणित काय, कुंगफूही शिकेल," बाबा म्हणाले, आणि धाकटीनं त्यांच्या ताटात आणखी एक डाव भात वाढला. आई बसल्या बसल्या धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घाली. थोरली उठायला लागली की तिघं एकदम म्हणत, "बस तू."

एकदा भांडी घासता घासता धाकटी म्हणाली, "ताई, खरं सांगू? मला गणित आवडतच नाही. मला नुसता पहिला नंबर आवडायचा. मी इतिहासाकडे जाणार आहे. निदान तिथं घडून गेलेलं असतं सगळं, आता कोणी मुद्दाम हरू शकत नाही."

थोरली इतकी हसली, की तिची पायरी चुकली आणि ते गणित तिला पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागलं.

निवड परीक्षेत तिनं शेवटच्या ओळीपर्यंत लिहिलं. निकाल लागला तेव्हा तिचं नाव तुकडीत होतं. बाबांनी दुकान अर्ध्या दिवसात बंद केलं आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला कारणही सांगितलं. धाकटी ती बातमी द्यायला मैत्रिणींकडे पळाली.

बाबा पेढे आणायला गेले आणि घरात आई नि थोरली दोघीच उरल्या. आईनं चहा केला, कप थोरलीपुढे ठेवला आणि ती समोर बसली.

"झालं गेलं ते..." आईनं सुरुवात केली आणि तिला पुढे बोलवेना. "मला माफ करशील का?"

त्यात काय एवढं, आई, असं म्हणायला थोरलीचे ओठ उघडले होते. तेच वाक्य ती जन्मभर म्हणत आली होती. ते बाहेर येण्याआधीच तिनं गिळलं.

"मला राग आला होता, आई," ती म्हणाली. "खूप राग आला होता. मी भाजी चिरत होते आणि तू आलीस ना, तेव्हा. आणि त्याच्याही आधी... मी शाळा सोडली तेव्हा. तुझी चूक नव्हती हे माहीत असून आला होता."

आपण हे बोललो याची तिलाच भीती वाटली. पण आईनं डोळे पुसले नाहीत, की मान खाली घातली नाही. तिनं खुर्ची थोडी जवळ ओढली.

"बोल," आई म्हणाली. "पहिल्यापासून सांग. मला सगळं ऐकायचंय."

आणि थोरली बोलू लागली. आधी अडखळत, मग न थांबता... बाहेर मुलांचा कालवा चालला होता, धाकटी परत आली आणि दारातूनच मागे फिरली, कपातल्या चहावर साय धरली. आईनं तिला मधे एकदाही थांबवलं नाही.