कापूस भरलेलं ओझं

संग्रहालय पायदळाचं होतं आणि पाटीवर लिहिलं होतं, 'सैनिकाचं ओझं उचलून बघा'. बाबांचा उभा जन्म पायदळात गेलेला. सवयीने पाय रोवून, सगळा जोर लावून त्यांनी ती पाठपिशवी उचलली, आणि ती इतकी हलकी निघाली की तोल जाऊन ते मागच्या माणसावर आदळले. हशा पिकला. बाबाही कसनुसं हसले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले.

सोबत आलेल्या लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरचे तिला ठिणगी उगाच म्हणत नसत.

"ही मांडणी कुणी केली?"

"मी..." शिडीवर दिवे बसवणारा तरुण खाली उतरला. केसांत धूळ, डोळे भलतेच शांत. तिला त्या डोळ्यांचाही राग आला.

"आत काय भरलंय?"

"कापूस. लोकांना उचलवत नाही, अशी तक्रार होती—"

"माझ्या बाबांना कुणी विचारलं होतं, उचलवतं का म्हणून? त्या ओझ्याने पाठ गेली त्यांची, आणि तुम्ही त्याची उशी केलीत! टेकडीपलीकडे, पाण्याच्या टाकीशेजारी राहतो आम्ही. खरं वजन भरून तिथवर चालत या आणि त्यांची माफी मागा."

"आलो तर... तुम्ही असाल ना घरी?"

ती फणकाऱ्याने निघून गेली.

बाबा त्यानंतर घुम्यासारखे बसून असत. रविवारी ती गच्चीत कपडे वाळत घालत होती, तर टेकडीच्या उतारावरून तो येताना दिसला— पाठीवर तीच पिशवी, कमरेत वाकलेला, घामाने निथळणारा. ती धावत खाली आली, तोवर तो दारात पोचला होता.

"काका, चुकलं माझं. माफ करा."

बाबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग मागे जाऊन पट्टे खेचले. "खाली लोंबतंय. वर बांधलं की कमी लागतं. आणि बूट कसले घातलेस हे?" आठवड्यात पहिल्यांदाच ते इतकं बोलले. त्याला पाणी आणायला स्वतःच आत गेले.

ती त्याच्या सोललेल्या खांद्याला मलम लावायला बसली.

"दुखतंय?"

"खूप."

"दुखायलाच हवं." पण तिची बोटं हलकी झाली होती.

"मी तुम्हाला आवडलो नाही तरी चालेल," तो म्हणाला, "ती पिशवी आता जडच राहील."

"आवडलास रे... शिडीवरून उतरलास तेव्हाच. त्याचाच तर संताप येत होता आठवडाभर."