संबंध असल्यास स्वरूप लिहावे

दिनांक नऊ मार्च, वार सोमवार, सकाळी अकरा वाजून पंचावन्न मिनिटे. स्थळ, नदीकाठच्या तीन मजली इमारतीचा सर्वांत वरचा मजला, कॅरिबियन समुद्रातील एका चिमुकल्या बेटदेशाचे पर्यटक-व्हिसा कार्यालय, खिडकी क्रमांक दोन. या वेळी आणि या स्थळी, दोन-दोन पायऱ्या ओलांडीत जिना चढून आलेली एक तरुणी खिडकीपाशी पोहोचली आणि तिच्या नाकासमोर काच सरकून बंद झाली. स्थळाबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. वेळेबद्दल मात्र होते, आणि पुढचे सारे रामायण त्यातूनच घडले.

"खिडकी बाराला बंद होते," काचेपलीकडचा तपासनीस म्हणाला.

"बाराला अजून पाच मिनिटं आहेत."

त्याने मान न वळवता पेनाने मागच्या भिंतीकडे निर्देश केला. तेथे लाकडी चौकटीतले लंबकाचे घड्याळ बारा वाजून दोन मिनिटे दाखवीत होते.

"ते सात मिनिटं पुढे आहे."

"उशिरा येणारे सगळे असंच म्हणतात."

"सगळे म्हणत असतील. मी घड्याळं दुरुस्त करते. पोट आहे माझं त्यावर."

तपासनिसाने प्रथमच मान वर केली. डोळे शांत होते, काहीसे थकलेले. आणि त्या डोळ्यांत, तिच्या संतापात भर पडावी म्हणूनच की काय, किंचित कुतूहल होते.

"असेलही. पण कार्यालयात कार्यालयाचंच घड्याळ ग्राह्य."

"चुकीचं असलं तरी?"

"ते चुकीचं आहे हे लेखी ठरेपर्यंत... बरोबरच."

घड्याळवालीच्या मस्तकात तिडीक गेली. वडिलांच्या पश्चात आठ वर्षे तिने जिन्याखालचे ते चिंचोळे दुकान चालवले होते, त्याच मिळकतीवर धाकटीला परिचारिका केले होते, बोटीवर नोकरीला धाडले होते. आता धाकटीने त्या बेटावरच्या एका पोहणे शिकवणाऱ्या तरुणाशी लग्न ठरवले होते. तारीख वीस मार्च. आईवडील दोघेही नसताना बहिणीच्या बाजूने उभे राहणारे जगात एकच माणूस उरले होते, आणि ते माणूस आत्ता बंद काचेकडे पाहत उभे होते.

"ताई, तू नाही आलीस तर मी लग्न पुढे ढकलीन," धाकटी फोनवर म्हणाली होती. "आणि ढकललं की त्याची सुट्टी संपेल, माझी बोट सुटेल, मग वर्षभर बसा बोंबलत."

मंगळवारी ती दहालाच हजर झाली. तपासनिसाने अर्ज उघडला आणि पहिल्याच पानावर त्याचे पेन थबकले.

"प्रवासाचा उद्देश... लग्न."

"हो."

त्याने पेन खाली ठेवले. मग नको तितक्या काळजीने अर्ज सरळ करीत म्हणाला, "तिथे जाऊन लग्न करणाऱ्यांचा अर्ज वेगळा असतो. निळा. त्यासोबत नियोजित वराची... संमती लागते."

"माझं नाही हो लग्न. बहिणीचं."

"तसं लिहायला हवं होतं."

"रकाना एवढासा आहे. त्यात 'लग्न' कसंबसं बसलं, बहीण कुठे बसवू?"

"पुरवणी जोडता येते," तो म्हणाला. आणि का कोण जाणे, त्याचा आवाज आता बराच हलका झाला होता. अर्ज मात्र त्याने परत सरकवला.

"बाकीचंही बघून ठेवा की. आणखी काय काय चुकलंय ते एकदाच सांगा, म्हणजे हेलपाटे वाचतील."

"तसं करता येत नाही. पहिली त्रुटी सापडली की तपासणी तिथेच थांबवायची, असा नियम आहे."

"हा नियम कुठल्या शहाण्याने केला?"

"माझ्या आधीच्या."

बुधवारी पुरवणी जोडलेली होती. पण छायाचित्रात केसांनी डावा कान झाकला होता. दोन्ही कान दिसल्याखेरीज त्या बेटावर कोणासही पाऊल ठेवता येत नसे.

"तिथे जाऊन मी कानाने पोहणार आहे का?" तिने विचारले.

"कारण नियमात दिलेलं नाही." त्याने पुन्हा एकदा छायाचित्राकडे पाहिले, मग तिच्याकडे, तपासणीला लागतो त्याहून थोडा अधिक वेळ. "प्रत्यक्षात... दिसतो आहे."

"काय?"

"कान. डावा."

तिने तावातावाने केस पुढे ओढले आणि जिना उतरू लागली. दुसऱ्या मजल्यावर आल्यावर तिच्या लक्षात आले, की आपण हसतो आहोत. त्याचा तिला अधिकच राग आला.

गुरुवारी कान होते, पुरवणी होती, परतीचे तिकीट होते. तपासनीस एकेक पान उलटीत तिकिटापर्यंत पोहोचला तेव्हा तिने श्वास रोखून धरला होता. पेन थबकले.

"वाटेत चौदा तासांचा थांबा आहे."

"स्वस्त पडतं म्हणून."

"ज्या देशात थांबताय, तो पिवळ्या तापाच्या यादीत आहे. तिथे बारा तासांहून अधिक थांबलेल्यांना लसीचा दाखला लागतो."

"आज टोचून घेते. सुईला हा दंड तयार आहे, दाखलाही आणते."

"लस टोचल्यापासून दहा दिवसांनी दाखला लागू होतो."

"उड्डाण अठराला आहे!"

"म्हणजे सहा दिवस," तो म्हणाला. ते आकडे उच्चारताना त्याचा चेहरा असा काही पडला, की जणू ती सहाची संख्या त्यानेच निर्माण केली होती. "दुसरं तिकीट घ्या. कमी थांब्याचं. उद्या कार्यालय बंद असतं... सोमवारी या. मंजुरीनंतर व्हिसा उमटायला एक दिवस जातो. सोमवार हा शेवटचा दिवस."

"म्हणजे सोमवारी पाचवी चूक निघाली, तर संपलं."

त्याने फाईल तिच्याकडे सरकवली. पण सोडली नाही. काचेखालच्या फटीत फाईलच्या एका टोकाला त्याची बोटे होती आणि दुसऱ्या टोकाला तिची; दोघेही ओढत नव्हते.

"निघेल का?" तिने हळूच विचारले.

"खिडकीवर बसून मी ते सांगू शकत नाही," तो म्हणाला, आणि बोटे उचलली.

शनिवारी दुपारी, डोळ्याला भिंग लावून ती एका मनगटी घड्याळाचे पोट उघडून बसली असता, दुकानात उजेड कमी झाला. दारात तपासनीस उभा होता. काचेशिवाय तो बराच उंच दिसत होता. त्याच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले भलेमोठे काहीतरी होते.

"पत्ता तुमच्या अर्जावरून घेतला," तो आल्या-आल्या म्हणाला. "तो असा वापरणं नियमात बसतं का, याचा मी कालपासून विचार करतोय."

"मग?"

"बसत नाही."

त्याने गाठोडे टेबलावर ठेवून कागद उलगडला. कार्यालयाच्या भिंतीवरचे घड्याळ होते.

"हे पुढे जातं," तो गंभीरपणे म्हणाला.

"अगंबाई, हो का? मला वाटलं उशिरा येणारे सगळे असंच म्हणतात."

"मी तीन दिवस नोंद ठेवली. रेडिओच्या वेळेशी ताडून. मंगळवारी सात मिनिटं पुढे, गुरुवारी आठ. मोठ्या बाईंकडून दुरुस्तीची लेखी परवानगी घेतली आहे." त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. मोठ्या बाई म्हणजे कार्यालयाच्या प्रमुख. निवृत्तीला आलेल्या, आणि त्यांनी एकदा 'नाही' म्हटले की ती दगडावरची रेघ, अशी त्यांची ख्याती. "तुम्ही सोमवारी बरोबर होतात. ते लेखी असावं, असं मला वाटलं."

आठ वर्षांत तिच्या दुकानात माफी मागायला आलेले हे पहिलेच गिऱ्हाईक होते, आणि तेही पुराव्यासकट. तिने भिंग उतरवले, घड्याळाची पाठ उघडली. लंबकाच्या टोकाखालची चक्री कोणीतरी कधीकाळी वाजवीपेक्षा घट्ट फिरवली होती; लंबक आखडला होता आणि म्हणून घाईघाईने झुलत होता. तिने चक्री दीड फेरा सैल केली. तो शेजारी उभा राहून तिच्या बोटांकडे पाहत होता. टिक्-टिक् सावकाश झाली.

"एवढंच?"

"एवढंच. आता नेलंत तरी चालेल."

"पण..." तो अडखळला. "बरोबर झालं आहे, हे ठरवायला किती दिवस लागतात?"

"खरं विचाराल, तर एक किल्ली पुरी उतरेपर्यंत बघावं. आठ दिवस. बाबा आठ दिवस बघितल्याशिवाय घड्याळ द्यायचे नाहीत. पण अठराला मी जाणार... जायला मिळालं तर. सत्तावीसला परत."

"मग तीस तारखेला द्या. सोमवार आहे. पुरतं तपासल्याशिवाय नको."

तिने पावती फाडली. भिंतीवरच्या सळीला अशाच वीस-बावीस पावत्यांच्या स्थळप्रती टोचलेल्या होत्या. प्रत्येकीवर घड्याळाचे वर्णन आणि ते परत देण्याची तारीख. तो त्यांच्याकडे टक लावून पाहू लागला.

"या सगळ्या... परत आल्यावरच्या तारखा?"

"हो. लोकांना सांगून ठेवलंय. का?"

तो दारापर्यंत गेला, थांबला, परत आला. त्याच्या चेहऱ्यावर असा झगडा चालला होता, की तिला त्याची कीव आली.

"पुढची त्रुटी मी सांगू शकत नाही," तो अखेर म्हणाला. "पण सोमवारी येताना या पावत्या इथे विसरू नका."

तो गेल्यावर ती अर्जाचे शेवटचे पान घेऊन बसली. तेथे बारीक अक्षरांत लिहिले होते: मायदेशी परतण्याचे सबळ कारण, पुराव्यासह. नोकरदारांनी मालकाचे पत्र जोडावे. तिला मालक नव्हता, घर भाड्याचे होते, आणि एकुलती बहीण तर त्या बेटाचीच सून होणार होती. कोणीही म्हटले असते, ही बाई कशाला परत येते?

सोमवारी नवे तिकीट हातात पडायला उशीर झाला, आणि ती धापा टाकीत तिसऱ्या मजल्यावर पोहोचली. भिंतीवर नुसता खिळा होता.

"किती वाजले?" तपासनिसाने तिलाच विचारले.

तिने मनगटाकडे पाहिले. "अकरा अठ्ठावन्न."

"तुमचं घड्याळ ग्राह्य धरतो," तो म्हणाला. काही माणसांना इतक्या कमी शब्दांत इतके अधिक पुन्हा कधीच बोलता येत नाही.

त्याने फाईल घेतली, पण उघडली नाही. तपासणीच्या नोंदवहीत आठवा रकाना होता: अर्जदाराशी संबंध आहे किंवा नाही. अकरा वर्षे तेथे त्याने न चुकता 'नाही' लिहिले होते. आज पेन बराच वेळ कागदाच्या वर तरंगले. मग त्याने 'होय' लिहिले, उठला आणि वही व फाईल शेजारच्या मेजावर मोठ्या बाईंसमोर नेऊन ठेवली.

"हा अर्ज मला तपासता येणार नाही, बाई."

"अहो!" घड्याळवाली काचेवर जवळजवळ आदळली. "आता पहिल्यापासून? तुम्हाला आजच काय अवदसा आठवली? 'नाही' लिहायला काय झालं होतं?"

"खोटं झालं असतं," तो म्हणाला.

हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण होते. तिला त्याचा गळा आवळावासा वाटला. आणि त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, हा माणूस आपल्याला आयुष्यात कधी खोटे सांगणार नाही, हेही तिला कळून चुकले. एकाच वेळी दोन्ही गोष्टी वाटणे फार त्रासदायक असते.

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून वहीकडे पाहिले आणि ती परत सरकवली.

"रकाना अपुरा आहे. 'संबंध असल्यास स्वरूप लिहावे.' स्वरूप कुठे आहे? त्रुटी सापडली, मी इथेच थांबले."

तपासनीस वही घेऊन खिडकीशी आला. जन्मभर इतरांच्या त्रुटी काढणाऱ्या त्या माणसाचे कान, दोन्ही कान, लाल झाले होते.

"काय लिहू?" त्याने काचेखालच्या फटीतून कुजबुजत विचारले.

"गिऱ्हाईक लिहा. पावती आहे तुमच्याकडे."

"ते खरं आहे. पण... अपुरं आहे."

"मग पुरं लिहा," ती म्हणाली. "मला घाई आहे, पण एवढी नाही."

तो लिहू लागला. घड्याळवाल्यांना उलटसुलट तबकड्या वाचायची सवय असते; तिने काचेतून उलटी अक्षरे एकेक करून वाचली: अर्जदार परत यावी, अशी तपासनिसाची इच्छा आहे.

"हे एकतर्फी झालं," ती म्हणाली. "अर्जदाराचं मत घ्यायची पद्धत नाही का तुमच्यात?"

"पुरवणी... जोडता येते."

त्याने वही फटीतून बाहेर सरकवली. तिने त्याच्याच पेनाने, त्याच्या ओळीखाली लिहिले: अर्जदारास हरकत नाही. मग थांबली, ते खोडले, आणि 'अर्जदाराचीही' एवढेच लिहून सही केली.

मोठ्या बाईंनी दोन्ही ओळी वाचल्या. चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. त्यांनी पासपोर्ट पाहिला, कान मोजले, थांब्याचे तास बोटांवर मोजले, पावत्यांची चळत एकेक करून उलटली. शेवटच्या पावतीशी त्या थांबल्या. पावती पाहिली, भिंतीवरचा रिकामा खिळा पाहिला, पुन्हा पावती पाहिली. काचेच्या दोन्ही बाजूंना कोणी श्वास घेत नव्हते.

"इच्छा हा पुरावा नव्हे," मोठ्या बाई म्हणाल्या आणि शिक्का उचलला. "आपलं घड्याळ हिच्याकडे आहे, हा पुरावा आहे. परत येईल. मंजूर."