हंसाबाईची जागा

उर्वशीचं काम सांगायला सोपं, समजवायला अवघड. इमारत उभी राहण्याआधी ती कॉम्प्युटरमध्ये उभी करायची आणि तिच्या पोटातून हवा खेळवणारे पत्र्याचे चौकोनी नळ, म्हणजे डक्ट, सरळ ओळीत न्यायचे. ऑफिस नागपूरला, उर्वशी घाटंजीला, घरातल्याच टेबलाशी. शेजारच्या प्रभावतीकाकूंची तर खात्रीच होती, की पोरगी दिवसभर गेम खेळते.

या खेपेचं काम बाभुळगावकडचं होतं. कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याचा दवाखाना व्हायचा होता. तिने काढलेले डक्ट तिथे टांगायला तिचाच धाकटा भाऊ होता, अश्वजित. आईबाप गेल्यापासून घरात ही दोघंच. तो शिडीवर चढला की इकडे हिच्या जिवाला घोर. म्हणून मापात ती सुताचीही चूक ठेवत नसे.

डक्ट ओळीत आणायची एक ठरलेली रीत आहे. दोनदा क्लिक करायचं. आधी जे जागेवर राहणार त्याच्यावर, मग जे हलणार त्याच्यावर. क्रम चुकला की खांबच उठून डक्टाकडे चालत येतो. नवशिके इथे हमखास फसतात. उर्वशी सहा वर्षांत एकदाही फसली नव्हती.

मंगळवारी भर दुपारी फसली. जुन्या शेडचा लेझरने घेतलेला स्कॅन तिच्यापुढे होता, लाखो ठिपक्यांच्या भिंती आणि ठिपक्यांचंच छप्पर. स्कॅन चालू असताना कोणी मध्ये आलं तर त्याचेही ठिपके उमटतात, ते नंतर पुसायचे असतात. तसं एक माणूस तिला दिसलं. फक्त ते जमिनीवर नव्हतं. दहा फूट उंच, हवेत, मांडी घालून बसलं होतं. डोक्यावर पदर असावा. एक हात शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवलेला.

पहिलं क्लिक खांबाऐवजी त्या ठिपक्यांवर पडलं आणि दुसऱ्यासरशी डक्ट दीड फूट बाजूला सरकला. उर्वशीने स्वतःलाच दोन शिव्या घातल्या, ठिपके पुसले, डक्ट खांबाच्या ओळीत आणला आणि हलू नये म्हणून कुलूप लावलं. बुधवारी सकाळी कुलूप उघडं आणि डक्ट दीड फूट बाजूला. गुरुवारीही तेच. तिला बरं वाटेना.

"फाइल बिघडली असेल गं," नागपूरहून सुरभी मॅडम म्हणाल्या. "सरळ कर आणि पाठवून दे." तिने सरळ केला आणि पाठवून दिला.

शुक्रवारी पाचच्या सुमारास अश्वजित घरी आला. चहाचा कप हातात घेऊन हसत सुटला.

"ताई, आज गंमतच झाली. डक्टचा तुकडा वर चढवला, एक बाजू कसली, तं पाना खालीच राह्यलता. अमर बाजूच्या शिडीवर असन म्हणून म्हटलं, धर बे, आलोच मी. खाली उतरून पाहतो तं अमर गेटवर चहा पिऊन राह्यला!"

"मग धरलं कोणी?"

"काय माहीत. अडकला असन कुठं. म्हटलं, उद्या कसतो. तसाच आहे लटकून, जराही झुकला नाही."

उर्वशीला तो टेकलेला हात आठवला. तिने जिनिंगचे जुने चौकीदार उकंडाकाका यांना फोन लावला.

"काका, शेडमध्ये वरतं काय होतं आधी?"

"माच होता पोरी, लाकडाचा. बाया तिथं बसून मशीनमधी कापूस टाकत. ज्याची त्याची जागा ठरेल राहे. मैनाबाई लेकराले पाजाले घरी गेलती. हंसाबाईले म्हणे, माही जागा धर, आलोच मी... तेवढ्यात आग लागली. साऱ्या उतरल्या. हंसाबाई म्हणे, मैना आली का उतरतो."

"आन् मैनाबाई?"

"नाही आली... काहून इचारून राह्यली?"

तिने सगळं सांगितलं.

"धर म्हटलं तं वापस जा लागते, पोरी. आजच जा लागते."

अश्वजितने थट्टा केली, पण ताईचा चेहरा पाहून गाडी काढली. वर चढला, डक्टाचं वजन खांद्यावर घेतलं आणि गमतीनेच म्हणाला, "सोड मावशी, आता मी धरतो." बोल्ट कसले आणि रात्री दहाला घरी येऊन चार भाकरी खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी मॉडेलमध्ये डक्ट सरळ, कुलूप बंद. उर्वशीचा जीव भांड्यात पडला.

आठवड्याने झालेलं काम तपासायला नवा स्कॅन आला. अश्वजित मागे खाटेवर बसून चहा पीत होता आणि उजवा खांदा चोळत होता.

"हात लय भरून येते वं. जसा काही वरच धरून ठेवला."

उर्वशीने मॉडेल फिरवलं. त्याच जागी, दहा फुटांवर, ठिपके होते. मांडी घातलेली, उजवा हात वर, डक्टाखाली. डोक्यावर पदर नव्हता, हेल्मेट होतं. स्कॅन रविवारचा होता. रविवारी कामाला सुट्टी होती, स्कॅन घेणाऱ्याशिवाय शेडमध्ये कोणी नव्हतं आणि अश्वजित दिवसभर घरी झोपला होता.

सवयीने तिने ते ठिपके पुसायला निवडले. ते निळे झाले.

"लाइट गेली काय वं, ताई?"

डोक्यावर पंखा फिरत होता. खिडकीतून ऊन आत आलं होतं. तिने घाईने निवड सोडली.

"आली," अश्वजित म्हणाला आणि त्याने कप तोंडाला लावला.

तेवढ्यात सुरभी मॅडमचा मेसेज आला. 'नव्या स्कॅनमधले फालतू ठिपके राहू दे. मी इथूनच पुसते.'

उर्वशीने फोन लावला. रिंग वाजत राहिली, मॅडम उचलेनात. तिने पुन्हा लावला.

"ताई..." मागून अश्वजित म्हणाला, "पुन्हा गेली वं."